आधी तिची उडी लिहा: मराठी क्रीडापत्रकारांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रांतल्या आणि वाहिन्यांवरच्या क्रीडापत्रकारांना व समालोचकांना,

सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात मुलींना आर्टिस्टिक जिम्नॅस्टिक्स शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या बारा वर्षांच्या एका मुलीला शाळेत ‘माझा आवडता खेळाडू’ या विषयावर लिहायचं होतं. तिने उझबेकिस्तानची जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना निवडली. मराठीत जे मिळालं ते सगळं वाचून दीड पान लिहिलं आणि सरावाला येताना वही घेऊन आली. त्या दीड पानात ओक्सानाच्या मुलाचं आजारपण होतं, ती आठ ऑलिंपिक खेळली हे होतं, तिचं वय तर तीन ठिकाणी होतं. मी वाचत असताना तीच म्हणाली, ‘‘ताई, पण ती मारते काय? कुठली उडी?’’

दीड पानात एकाही उडीचं नाव नव्हतं. तिचा त्यात काही दोष नाही. तिने जे वाचलं, त्यात ते नव्हतंच. म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये टोकियोत ओक्साना आठव्यांदा ऑलिंपिकला उतरली, तेव्हा एका दैनिकातून मला फोन आला होता. माहिती हवी होती. मी जवळजवळ तासभर बोलले, दोन उड्यांमधला फरक समजावून सांगितला, कागदावर आकृत्या काढून त्यांचे फोटोही पाठवले. दुसऱ्या दिवशी छापून आलं ते आईच्या जिद्दीबद्दल. वाईट काहीच लिहिलं नव्हतं. पण जिम्नॅस्टिक्स त्यात कुठेच नव्हतं. आई पोहण्यात असती, धावण्यात असती, तरी तोच मजकूर चालला असता. ते मला लागलं आणि आजही लागतं.

ओक्सानाची गोष्ट सांगायची तर ती मुलाच्या आजारापासून सुरू होत नाही. ती एका लहान मुलीपासून सुरू होते.

ताश्कंद म्हटलं की आपल्या मनात आधी १९६६ चा जानेवारी येतो, शास्त्रीजी येतात. जिम्नॅस्टिक्सवाल्यांच्या मनात त्या शहराची आणखी एक ओळख आहे. ताश्कंदचीच एल्विरा सादी सोव्हिएत संघातून १९७२ ला म्युनिकमध्ये आणि १९७६ ला माँट्रियलमध्ये सांघिक सुवर्ण जिंकून आली होती. म्हणजे मॉस्को आणि मिन्स्क यांच्याइतका बोलबाला नसला तरी तिथे परंपरा होती. ओक्सानाचा जन्म १९ जून १९७५ चा, बुखाऱ्याचा. सातव्या वर्षी ती मोठ्या भावाच्या मागोमाग जिम्नॅस्टिक्सला लागली. स्वेतलाना कुझनेत्सोवा या तिच्या प्रशिक्षक. १९८८ मध्ये, तेराव्या वर्षी, ती सोव्हिएत संघाची कनिष्ठ गटातली ऑल-अराउंड, म्हणजे चारही साधनांच्या एकत्रित गुणांची, विजेती झाली.

इथे जरा थांबा. सोव्हिएत संघाची कनिष्ठ विजेती म्हणजे काय, हे आज सांगावं लागतं. पंधरा प्रजासत्ताकं, प्रत्येकाच्या क्रीडाशाळा, आणि त्या काळात जागतिक विजेतेपदापेक्षा सोव्हिएत संघात जागा मिळवणं अवघड असं या खेळातली माणसं म्हणत. त्या चाळणीतून मध्य आशियातली एक मुलगी तेराव्या वर्षी पहिली आली. तिचं सगळं आयुष्य पुढच्या लेखांत ‘आश्चर्य’ म्हणून येतं. माझ्या मते खरं आश्चर्य १९८८ चं होतं, आणि त्याची ओळसुद्धा आपण छापत नाही.

मग १९९१. या वर्षाबद्दल मी मुलींना नेहमी सांगते. ३१ ऑगस्टला उझबेकिस्तानने स्वातंत्र्य जाहीर केलं. ६ सप्टेंबरला अमेरिकेत इंडियानापोलिसला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली. सोळा वर्षांची ओक्साना तिथे सोव्हिएत संघाच्या पोशाखात उतरली. सांघिक सुवर्ण, व्हॉल्टवर (धावत येऊन साधनावर हात टेकून मारायची उडी) रौप्य आणि फ्लोअरवर (जमिनीवरच्या कसरती) सुवर्ण. फ्लोअरचं सुवर्ण रुमानियाच्या क्रिस्टिना बोंताशबरोबर वाटून मिळालं. दोघींचे गुण अगदी सारखे होते. ज्या देशाच्या नावाने ती खेळली, तो त्या वर्षाअखेर नकाशावर उरला नाही.

आता ती फ्लोअरवर काय करायची ते लिहिते, कारण हेच कुणी लिहीत नाही. धावत येऊन राउंडऑफ, फ्लिक (वेग मिळवून देणाऱ्या, हातांवरून उलटायच्या उड्या), आणि मग हवेत मागच्या बाजूला दोन पूर्ण कोलांट्या. त्याही गुडघे पोटाशी न घेता. शरीर डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सरळ, काठीसारखं. आणि त्या दोन कोलांट्यांच्या आत स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी. गुडघे पोटाशी घेतले की शरीर लहान होतं आणि पटकन फिरतं, हे कोणतंही मूल अंगणात कोलांटी मारून पाहू शकतं. सरळ शरीर फिरवायला कितीतरी जास्त उंची आणि वेग लागतो. नियमपुस्तकात ती कोलांटी ‘चुसोवितिना’ या नावाने आहे. माझ्या मुली फोम पिटमध्ये (फोमच्या तुकड्यांनी भरलेल्या खड्ड्यात) एकेरी सरळ कोलांटी शिकतात तेव्हा त्यांना कळतं की सोळा वर्षांची ती मुलगी नेमकं काय करत होती.

पुढच्या वर्षी बार्सिलोना. देश फुटलेला, पण मुली एकत्र. ‘युनिफाइड टीम’ या नावाने त्या उतरल्या आणि सांघिक सुवर्ण जिंकल्या. बोगिन्स्काया बेलारूसची, गुत्सू आणि लिसेंको युक्रेनच्या, ग्रुदनेवा रशियाची, आणि उझबेकिस्तानच्या दोघी, ओक्साना चुसोवितिना व रोझालिया गलियेवा. ऑलिंपिकचा पाच वर्तुळांचा झेंडा वर गेला. सहा मुलींच्या संघात दोन उझबेक, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गलियेवा पुढे रशियाकडून खेळली आणि १९९६ ला अटलांटात रशियाच्या सांघिक रौप्यात होती. ओक्साना ताश्कंदला परतली.

या परतण्याबद्दल तुमच्यापैकी कुणी लिहिलं तर मी तो अंक जपून ठेवीन. कारण तिच्या कारकिर्दीतला सगळ्यात एकाकी काळ तोच. सोव्हिएत काळात मॉस्कोजवळच्या मोठ्या शिबिरात सगळ्यात चांगली साधनं, डॉक्टर, नृत्यदिग्दर्शक, सोबत जगातल्या उत्तम मुली. ताश्कंदमध्ये जुनी झालेली साधनं आणि जवळजवळ एकटीने सराव. व्हॉल्टवर खराब मॅट म्हणजे काय हे प्रशिक्षकाला विचारा: शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार घोट्यावर येतो आणि मॅट तो झेलत नसेल तर घोटा झेलतो. अशा परिस्थितीत १९९३ ला बर्मिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत तिने व्हॉल्टवर कांस्य आणलं. त्या वेळी ती अजून अठराची झाली नव्हती. या वेळी नाव उझबेकिस्तानचं होतं.

म्हणजे अठरा पूर्ण व्हायच्या आत ही मुलगी सोव्हिएत संघ, युनिफाइड टीम आणि उझबेकिस्तान अशा तीन नावांखाली जागतिक पातळीवर पदकं जिंकून बसली होती. तोपर्यंत तिचं लग्न झालेलं नव्हतं, मुलगा नव्हता, आजार नव्हता, ‘वय’ हा शब्द तिच्या आसपास नव्हता. मराठीतल्या लेखांत ही सगळी वर्षं ‘लहानपणापासून जिम्नॅस्टिक्सची आवड’ एवढ्या तीन शब्दांत संपतात.

मुलाबद्दल लिहू नका असं मी म्हणत नाही. अलिशेरचा जन्म नोव्हेंबर १९९९ चा. दहा महिन्यांनी, सप्टेंबर २००० मध्ये, ती सिडनी ऑलिंपिकला उतरली. २००२ मध्ये त्याला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं. उझबेकिस्तानात ते उपचार होण्यासारखे नव्हते, म्हणून ती आणि तिचे पती, कुस्तीगीर बखोदिर कुर्बानोव, मुलाला घेऊन जर्मनीत कोलोनला गेले. तिथल्या क्लबने हात दिला, बक्षिसाच्या पैशांतून उपचार झाले, मुलगा बरा झाला. २००६ पासून ती जर्मनीकडून खेळली. हे सगळं खरं आहे आणि वाचताना माझ्याही डोळ्यांत पाणी येतं. पण बक्षिसाचे पैसे मिळतात ते स्पर्धा जिंकल्यावर. २००३ ला ॲनाहाइममध्ये ती व्हॉल्टची जगज्जेती झाली, अठ्ठावीसाव्या वर्षी, मुलावर उपचार चालू असताना. ती जिंकली कशी? आईच्या मायेने कुणी व्हॉल्टवर जिंकत नाही. लाखो आयांच्या मनात तेवढीच माया असते. ती जिंकली, कारण तिची धाव अचूक होती, स्प्रिंगबोर्डवर पाय नेमक्या जागी पडत होता आणि हात टेबलावर क्षणभरच टेकत होते. हे न लिहिणं म्हणजे तिच्या मेहनतीतला सगळ्यात मोठा भाग झाकून ठेवणं आहे.

व्हॉल्ट हे साधन समजून घ्यायला अर्धा तास पुरतो. पंचवीस मीटरपर्यंतची धावपट्टी, स्प्रिंगबोर्ड, सव्वा मीटर उंचीचं टेबल, पलीकडे मॅट. सगळं काही सेकंदांत संपतं. टीव्हीवर पाहणाऱ्याला फक्त लँडिंग दिसतं, कारण तेवढंच डोळ्यांना पकडता येतं. पण उडी ठरते त्याच्या आधी: बोर्डवरून टेबलापर्यंतचं छोटं उड्डाण, हातांचा धक्का आणि मग टेबलानंतरची उंची. गुण दोन भागांत मिळतात, अवघडपणाचे वेगळे आणि सफाईचे दहापैकी वेगळे. छोटं पाऊल हललं तर दशांशाने वजावट, पडलं तर थेट एक गुण. साधनाच्या अंतिम फेरीत दोन वेगवेगळ्या उड्या माराव्या लागतात. ओक्सानाच्या नावाची उडी अशी: हँडस्प्रिंगने, म्हणजे समोरूनच उलटं होऊन, हात टेबलावर, मग पुढच्या बाजूला सरळ शरीराची एक कोलांटी आणि त्यात दीड गिरकी. गिरकी दीड असल्यामुळे ती टेबलाकडे तोंड करून उतरते. एवढं वाक्य तुमच्या बातमीत आलं असतं, तर माझ्या त्या मुलीला वहीत लिहायला मिळालं असतं.

आणखी एक. ती सुरुवातीला ज्या व्हॉल्टवर उडायची, तो लांबट, अरुंद ‘घोडा’ होता. २००१ पासून त्याच्या जागी आजचं रुंद टेबल आलं. सुरुवातीच्या काळात सगळ्यांनी सारखेच करायचे सक्तीचे कसरतींचे संचही असायचे, ते १९९६ नंतर बंद झाले. ‘परफेक्ट टेन’ची, म्हणजे जास्तीत जास्त दहा गुणांची, गुणपद्धत २००६ ला गेली. म्हणजे तिने साधन बदललं, हातांची जागा बदलली, गुणांचा हिशेब नव्याने शिकला, आणि तरी १९९१ ते २०११ या वीस वर्षांत एकट्या व्हॉल्टवर नऊ जागतिक पदकं घेतली. २००८ ला बीजिंगमध्ये तेहतिसाव्या वर्षी ऑलिंपिकचं रौप्य. पुढे होती उत्तर कोरियाची होंग उन-जोंग, मागे चीनची चेंग फेई. आपण हे ‘या वयात’ म्हणून कौतुकाने सांगतो. मी म्हणते, वय बाजूला ठेवून नुसती पदकं पाहिली तरी ही व्हॉल्टवरची सर्वकाळच्या श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक आहे.

आपला आणि तिचा थेट संबंध रिओत आला. १४ ऑगस्ट २०१६, व्हॉल्टची अंतिम फेरी. त्या रात्री आपण सगळे दीपा कर्माकारसाठी जागे होतो. माझ्या घरी अठरा मुली जमल्या होत्या. दीपाने प्रोदुनोव्हा मारली, हँडस्प्रिंगनंतर पुढच्या बाजूला दोन कोलांट्या, १५.०६६ गुण, चौथा क्रमांक, कांस्य ०.१५० ने हुकलं. आपल्याकडे त्या उडीला सगळीकडे ‘मृत्यूची उडी’ म्हटलं गेलं. त्याच फेरीत, त्याच टेबलावर, तीच उडी आणखी एकीने मारली: एकेचाळीस वर्षांच्या ओक्सानाने. उतरताना वेग आवरला नाही, ती पुढे कोलमडून गडगडली आणि सातवी आली. तिची सुरक्षित उडी मारून ती कदाचित वर राहिली असती. तिने तसं का केलं नाही, हा प्रश्न खेळाच्या पानावर विचारण्यासारखा होता. पदकासाठी ती धोका पत्करत होती. नुसता सहभाग नोंदवायला आलेली खेळाडू प्रोदुनोव्हा मारत नाही.

‘मृत्यूची उडी’ हा शब्द कृपा करून सोडा, हेही सांगून टाकते. पालक माझ्याकडे येऊन विचारतात, ‘‘मॅडम, त्या मरणाच्या उडीपर्यंत नाही ना नेणार?’’ वर्षानुवर्षं फोम पिटमध्ये हजारो वेळा केलेली ती उडी असते. तिला तिचं नाव आहे, ज्या रशियन मुलीने ती पहिल्यांदा मारली तिचं नाव.

पुढचा धागा ताश्कंदचाच. मे २०२४ मध्ये आशियाई अजिंक्यपद स्पर्धा तिथे झाली. दीपाने व्हॉल्टवर १३.५६६ गुणांनी सुवर्ण घेतलं; आशियाई विजेती झालेली ती पहिली भारतीय जिम्नॅस्ट. आपल्या पानांवर ते झळकलं, आनंद झाला. पण मग दीपा पॅरिसला का गेली नाही, हे मला कितीतरी लोकांनी विचारलं. कारण त्या स्पर्धेतून मिळणारी ऑलिंपिकची जागा चारही साधनांच्या एकत्रित गुणांवर होती, एकट्या व्हॉल्टवर नव्हती. त्याच जागेसाठी अठ्ठेचाळीस वर्षांची ओक्साना आपल्या घरच्या शहरात चारही साधनांवर उतरायची तयारी करत होती, आणि सरावात दुखापत होऊन तिला माघार घ्यावी लागली. नवव्या ऑलिंपिकचं दार तिथे बंद झालं. एकाच सभागृहात, एकाच आठवड्यात, एकीचं सुवर्ण आणि एकीची माघार, आणि दोघींनाही पॅरिस नाही. ही केवढी बातमी होती!

त्याआधी हांगझोऊच्या आशियाई खेळांत, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये, ती व्हॉल्टवर चौथी आली होती. आपली प्रणती नायक त्याच अंतिम फेरीत आठवी होती. प्रणतीबद्दलच्या ज्या बातम्या मी पाहिल्या, त्यांत क्रमांक होता. तिच्या दोन उड्या कोणत्या होत्या, ते मला परदेशी चित्रफितीवरून शोधावं लागलं.

आणि आता उझबेकिस्तानातल्या आजच्या मुलींबद्दल. हे सांगायला मी खरं तर जास्त अधीर आहे. लुइझा गलियुलिना नावाची ताश्कंदची मुलगी सोळाव्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेली. ज्या स्पर्धेत ओक्सानाने जर्मनीसाठी रौप्य घेतलं, त्याच स्पर्धेत उझबेकिस्तानचं नाव घेऊन ही उतरली होती. चार वर्षांनी लंडनमध्ये तिच्या चाचणीत फ्युरोसेमाइड हे खेळाडूंना बंदी असलेलं औषध सापडलं आणि तिला स्पर्धेतून वगळलं. जगभरच्या बातम्यांत तिचं नाव आलं ते त्या एका दिवशी. सोळाव्या वर्षी ती बीमवर, त्या अरुंद तुळईवर, कशी चालायची, हे कुणाला ठाऊक आहे? नियम नियमाच्या जागी आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खेळाडूच्या खेळावर आधी चार ओळी लिहिलेल्या असतील, तर नंतरच्या बातमीला काही संदर्भ राहतो. नाहीतर एक मुलगी वाचकांपुढे पहिल्यांदा येते तीच आरोपी म्हणून.

ओक्साना २०१३ पासून पुन्हा उझबेकिस्तानकडून खेळू लागली. आजच्या तिच्या संघातल्या मुली तिच्या मुलापेक्षा लहान आहेत. त्यांच्यापैकी कुणीही चांगलं खेळलं की बातमीत ‘चुसोवितिनाच्या देशातली’ एवढंच येतं. आणि जेव्हा उझबेकिस्तानची रिदमिक जिम्नॅस्ट चमकते, तेव्हा आपल्याकडे फीत-चेंडू घेऊन खेळणारी रिदमिकची मुलगी आणि व्हॉल्ट-बीमवरची आर्टिस्टिकची मुलगी यांची सरमिसळ होते. तखमिना इक्रामोवा रिदमिकची आहे. दोन्ही खेळांचं साधन, सराव, शरीरावरचा ताण, सगळं वेगळं. क्रिकेटमध्ये फिरकी आणि जलद गोलंदाजी कुणी एक करत नाही. माझ्या खेळालाही तेवढीच काळजी मिळावी, एवढंच मागते आहे.

जुलै २०२१ मधला तो प्रसंग तुम्ही सगळ्यांनी छापला होता: रिकाम्या स्टँडमध्ये ओक्साना शेवटची उडी मारून हात उंचावते, आणि सभागृहातले पंच, प्रशिक्षक, इतर देशांच्या मुली उठून टाळ्या वाजवतात. ती रडते. तो फोटो माझ्याही सभागृहात भिंतीवर आहे. पण त्या टाळ्या वाजवणारी माणसं जिम्नॅस्टिक्सचीच होती. ती एका आईसाठी उभी राहिली नव्हती. तिच्या उड्या त्यांनी तीस वर्षं पाहिल्या होत्या, काहींनी त्या स्वतः करून पाहिल्या होत्या आणि त्यांना जमल्या नव्हत्या.

पुढच्या मोठ्या स्पर्धेत ती पुन्हा उतरली, किंवा तिच्या देशाची एखादी सोळा-सतरा वर्षांची मुलगी उतरली, किंवा आपली एखादी, तर बातमी पाठवण्याआधी मला फोन करा. मी तासभर बोलेन, पूर्वीसारखीच. त्याहून बरं म्हणजे एकदा सभागृहात या. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते सात व्हॉल्टचा सराव असतो. चपला बाहेर काढून आत या, टेबलाच्या बाजूला मॅटवर बसा आणि हातांचा टेबलावर होणारा आवाज ऐका. कुठली उडी चांगली झाली ते त्या आवाजावरून कळतं. पहिल्या दिवशी नाही कळणार, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळेल. माझी ती बारा वर्षांची मुलगी तुम्हाला समजावून सांगेल. तिने वहीतलं दीड पान खोडून परत लिहायला घेतलं आहे, आणि सध्या ती दीड गिरकीची आकृती काढण्यात अडली आहे.

आपली,
एक जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षिका
पुणे